नको म्हटलं होतं

कागदी रुमालाची चौकोनी घडी गुडघ्यावर होती तशीच होती, कोरडी, चारही कोपरे जागेवर, पडद्यावर उजेड वाढला की पांढरी दिसणारी आणि अंधार झाला की राखाडी... मध्यंतरानंतर बायकोने, प्रतिभाने, ती पर्समधून काढून परीक्षितच्या गुडघ्यावर ठेवली होती, गाडीत शेजारच्यापुढे डबा सरकवावा तशी. भोपाळच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर जितेंद्रने आठवडाभर आधीच कळवलं होतं – रविवारी सकाळी साडेनऊला मंडळाच्या हॉलमध्ये चित्रपट, विषय बालपण, सहकुटुंब यावे, नंतर पोहे-जिलेबी, सोबत रुमाल अवश्य आणावा – आणि त्याखाली रडक्या चेहऱ्यांची लांबलचक ओळ. जितेंद्र मंडळाचा सचिव होता आणि हातात घेतलेलं काम अर्धवट सोडायचा नाही. परीक्षितला तेव्हाच गंमत वाटली होती. रडायचं हे आधी ठरवून, वेळ आणि नाश्ता बघून, सहकुटुंब जायचं. सूचना पाळायच्या, बाकीचं आपोआप होतं.

आणि ते होत होतं. पुढच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं, मग त्यापुढच्या रांगेत, मग डावीकडे एका बाईचा हुंदका बाहेर पडला आणि तिने तो खोकल्यात मिसळून टाकला. पडद्यावर आठ-नऊ वर्षांची मुलगी होती, मामाकडे ठेवलेली. आई तिला भेटायला आली होती आणि आता परत निघाली होती. एस.टी. सुटली, मुलगी मागे धावली, धावताना पायातली चप्पल निघाली. परीक्षित चपलेकडे बघत होता. चप्पल नवी होती. दोन वर्षं मामाच्या दारात राबणाऱ्या मुलीची चप्पल इतकी नवी कशी, टाच झिजायला नको का, पट्ट्याला टाका नको का... तीस वर्षं सिंचन खात्यात काढलेल्या माणसाला अशी सवय लागतेच. कुठल्याही कागदावर आधी चूक दिसते आणि मग कागद. रडू येत नव्हतं याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं का, एवढंच तो स्वतःला विचारत होता, आणि तेही फारसं नेटाने नाही.

मग कॅमेरा एस.टी.च्या खिडकीवर गेला. खिडकीशी आईच्या मांडीवर मुलीचा धाकटा भाऊ बसला होता, पाच-सहा वर्षांचा, हातात अर्धं खाल्लेलं बिस्किट. तो मागे पडत चाललेल्या बहिणीकडे बघत होता. नुसता बघत होता. चेहऱ्यावर काही नव्हतं. दिग्दर्शकाने त्याला तीन सेकंद दिले असतील, फार तर चार, आणि पुन्हा ती मुलगी, तिची धूळ, तिचं रडणं. हॉलमधली सगळी माणसं मुलीच्या बाजूने रडत होती. त्या पोराकडे कुणाचं लक्षही गेलं नव्हतं. परीक्षितचं गेलं, आणि तो खुर्चीत किंचित पुढे सरकला, आणि त्याला वाटलं, बिस्किट अजून संपवलं कसं नाही याने...

– आणि अण्णा सायकलला हवा भरत होते. कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरच्या पायऱ्या, संध्याकाळ, मे महिना, पंपाचा तो दम लागल्यासारखा आवाज. परीक्षित सहा वर्षांचा. कांचनताई आत होती, सुटीला मिरजेहून आलेली, दहा वर्षांची, आईला विचारत होती, 'मी पाणी घेऊ का?' ती नेहमी विचारायची. स्वतःच्या आईच्या घरात, माठासमोर उभी राहून. आणि सकाळी उठल्यावर अंथरुणाची घडी अशी घालायची की टोकाला टोक. ती आली की खिडकीजवळची खाट तिला मिळायची आणि परीक्षितची रवानगी चटईवर व्हायची. आई तिला विचारायची, आज काय करू गं तुझ्यासाठी? त्याला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. तर अण्णांनी पंप थांबवला, कपाळ पुसलं आणि म्हणाले, 'काय परी, ताईला आता इकडंच ठेवून घेऊ या का? इथल्याच शाळेत घालू.'

'नको,' तो म्हणाला.

अण्णा हसले. पुन्हा हवा भरायला लागले. जूनमध्ये ताई मिरजेला गेली.

बस, एवढंच. आठवण म्हणून सांगायला गेलं तर अर्धं मिनिटही लागू नये. पण ती त्याने कधी कुणाला सांगितली नव्हती – प्रतिभाला नाही, लग्नाला तीस वर्षं होत आली तरी नाही. अण्णा मिरजेहून भोपाळला कारखान्यात आले ते दोन वर्षांत बदली होणार, पुण्याच्या ऑफिसात जाणार, या बोलीवर. मुलीचं शिक्षण मध्येच तुटायला नको, तिला हिंदी शाळेत घालून पुन्हा मराठीत आणायचं म्हणजे तिचे हाल, म्हणून पहिलीपासूनच तिला मिरजेला आत्याकडे ठेवलं होतं. घरात सगळ्यांना हे पाठ होतं. बदली झाली नाही. दोनाची चार झाली, चाराची दहा, अण्णा भोपाळातच निवृत्त झाले आणि भोपाळातच गेले, ताईचं मॅट्रिक मिरजेला झालं आणि लग्नही तिथंच. यात कुणाची चूक होती असं कुणी म्हणत नव्हतं. फक्त परीक्षितला माहीत होतं की मध्ये एक संध्याकाळ अशी होती जेव्हा ती परत येऊ शकली असती, आणि मी नको म्हटलं होतं. मोठं होताना इतर मुलांकडे असतं तसं काहीतरी त्याच्याकडेही होतं, कुणाला न दाखवण्यासारखं, पक्कं. त्याने ते सांभाळलं. त्यामुळे असेल, पण ताईशी तो फार नीट वागत आला. दिवाळीला साडी, वाढदिवसाला फोन, ताईचे यजमान यशवंतभावजी गेले तेव्हा हातातली सगळी कामं टाकून दोन दिवस मिरजेला. नीट वागायला काही लागत नाही. जवळ जायला लागतं.

आणि शुक्रवारी ताईचा फोन आला होता.

'परी,' ती म्हणाली होती – आता तो सत्तावन्न वर्षांचा आहे आणि त्याला परी म्हणणारं जगात एवढंच माणूस उरलंय – 'मी तिकडं येऊन राहिले तर चालेल का रे? चार दिवस नाही म्हणत मी. कायमची.' गुडघे गेलेत, दुसऱ्या मजल्याचा जिना होत नाही, मूलबाळ नाही, हे गेल्यापासून घरात आवाज म्हणून नाही... हे सगळं तिने अगदी सरळ, बाजारातल्या भाज्यांची नावं सांगावीत तसं सांगितलं. तो म्हणाला, 'बघतो. रविवारी करतो फोन.' ठेकेदाराला सांगतात तसं. फोन ठेवल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं.

प्रतिभा इंदूरची. तिने एकच वाक्य म्हटलं होतं, 'तुमची बहीण, तुम्ही ठरवा, मी काही नाही म्हणून राहिले.' आणि शनिवारी मुलीच्या, सईच्या खोलीतले पडदे काढून धुवायला टाकले. पडदे का धुतले हे त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. सई हैदराबादहून फोनवर म्हणाली, 'बाबा, माझी रूम तर खाली पडली आहे, इसमें सोचना क्या है?' बरोबर होतं तिचं. खोली रिकामीच होती. तुळशी नगरचा सरकारी क्वार्टर आणखी पाच वर्षं होता, पुढे नेहरू नगरला घेतलेला फ्लॅट होता, त्यातही एक खोली जास्तीची होती. जागेचा प्रश्नच नव्हता. प्रश्न हा होता की रोज सकाळी ती उठणार, अंथरुणाची घडी घालणार, टोकाला टोक, आणि तो ते बघणार. आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ती विचारणार, पाणी घेऊ का?

चित्रपट संपला. दिवे लागले तशी माणसं एकमेकांचे डोळे चुकवत हसायला लागली, लग्नात मुलीची पाठवणी झाल्यावर हसतात तशी. जितेंद्र माइक घेऊन पुढे आला. त्याचेही डोळे लाल होते, पण आवाज सचिवाचाच होता. 'ज्यांना ज्यांना आपलं बालपण आठवलं त्यांनी दोन शब्द बोलावेत. दोनच. मागे पोहे थंड होऊन राहिलेत.' तरी चौघं बोलले. एकाने आंबे चोरले होते. दुसऱ्यानेही आंबेच चोरले होते. मंडळात कुणाचं बालपण आंबे चोरल्याशिवाय पुढे सरकलेलं परीक्षितने अजून ऐकलं नव्हतं. तिसरे गृहस्थ आईबद्दल बोलायला उभे राहिले आणि बोलूच शकले नाहीत, नुसते माइक धरून उभे राहिले, आणि त्यांना सगळ्यांत जास्त टाळ्या मिळाल्या. मग जितेंद्रची नजर फिरत फिरत त्याच्यावर आली. 'परीक्षितजी? तुम्ही तर इथलेच, टाउनशिपवाले.'

'माझं बालपण इथंच गेलं,' परीक्षित बसल्या जागेवरून म्हणाला. 'त्यामुळे आठवायला फार लांब जावं लागत नाही.'

लोक हसले. त्यालाही बरं वाटलं. वेळ निभावून नेता येते त्याला, खात्यातही त्याबद्दल त्याचं नाव होतं.

पोह्यांच्या टेबलापाशी लीलावतीकाकू खुर्चीत बसल्या होत्या, वॉकर बाजूला, बशी मांडीवर, शेवेवर शेव घालून घेत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. टाउनशिपच्या लाइनीत त्यांचा क्वार्टर समोरचाच, मध्ये फक्त रस्ता आणि एक कडुनिंब. आईची त्यांच्याशी फार गट्टी होती. आई गेली तेव्हा तिला शेवटची साडी यांनीच नेसवली. तो वाकून नमस्कार करायला गेला तर त्यांनी त्याचा हात धरून ठेवला.

'सिनेमा फार रडवून राहिला होता रे. मला तर आपली कांचन आठवली. कशी आहे ती?'

'बरी आहे. इकडे येईन म्हणतेय.' आणि मग, का कुणास ठाऊक, पुढचंही म्हणून गेला, 'कायमची.'

'मग येऊ दे की!' काकूंनी बशी टेबलावर ठेवली. 'चला, परत येईल बापडी. तुझी आई असती ना आज... कांचन आत्याला दिली तेव्हा आठ दिवस चूल पेटवली नव्हती तिनं. मी डबा नेऊन द्यायची.'

'दिली नव्हती काकू. शाळेसाठी ठेवली होती. बदली होणार होती ना अण्णांची.'

'अरे, शाळा कसली.' काकू हसल्या, लहान मुलाच्या बोलण्याला हसतात तसं. 'शाळा लोकांना सांगायला. तुझ्या आत्याचं एकही मूल जगलं नाही. तिसरं गेलं तेव्हा ती विहिरीवर जाऊन बसली होती म्हणे, आणि तुझे अण्णा तिला शब्द देऊन आले, माझी मुलगी तुझी म्हणून. तू असशील दोन वर्षांचा, नुकता दुडूदुडू धावून राहिला होता. लाइनीत सगळ्यांना मालूम होतं. तुला नाही सांगितलं कुणी?'

आजूबाजूला बशा वाजत होत्या. कुणीतरी जिलेबी गरम आहे म्हणून ओरडलं. परीक्षितला स्वतःचा आवाज ऐकू आला, शांत, थोडा कोरडा, बैठकीत आकडा दुरुस्त करावा तसा – 'मी सहा वर्षांचा असताना अण्णांनी मला विचारलं होतं. ताईला परत इकडं ठेवून घेऊ का म्हणून.'

पन्नास वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य तोंडाबाहेर पडलं होतं, आणि काकूंनी शेवेची चिमूट तोंडात टाकली.

'विचारतात की लहान मुलांना तसं. तुझ्या बाहुलीला ताप आलाय का, डॉक्टरला बोलवू का, विचारत नाहीत? त्यांचं मन खात असेल रे, मग कुणाला तरी विचारायचं. शब्द थोडाच मोडणार होते ते.' आणि मग त्याच्याकडे नीट बघून, 'तू काय म्हटलं होतं?'

'आठवत नाही,' परीक्षित म्हणाला.

अरेरा कॉलनीतल्या मंडळाच्या हॉलमधून घरी येताना गाडी तोच चालवत होता आणि प्रतिभा चित्रपटाबद्दल बोलत होती – ती मुलगी किती छान काम करून राहिली होती, शेवट मात्र ओढून आणला, नाही? – आणि तो योग्य ठिकाणी हं म्हणत होता, सात नंबरच्या चौराह्यावर सिग्नल लागला तेव्हा थांबला, सुटला तेव्हा निघाला, आणि आत कुठेतरी वाट बघत होता, की आता सुटका झाल्यासारखं वाटेल. वाटायला हवं होतं. निकाल लागला होता, आरोपी निर्दोष, त्या संध्याकाळी काहीही ठरलं नव्हतं, ठरायचं ते चार वर्षं आधी मिरजेत विहिरीच्या काठावर ठरून गेलं होतं, अण्णा हसले होते ते त्याच्या नकाराला हसले होते, हवा तेवढीच भरली गेली असती, सायकल तशीच चालली असती, ताई तशीच गेली असती. हो म्हटलं असतं तरी... पण सुटका झाल्यासारखं वाटत नव्हतं. घरात चोरी झाल्यासारखं वाटत होतं. इतकी वर्षं कुलपात ठेवलेली वस्तू, आणि आता कुणीतरी म्हणतंय, अरे ती तर पितळेची. त्याच्या एका शब्दाने एक माणूस घरात येतं किंवा येत नाही, एवढं वजन त्याने स्वतःला दिलं होतं, त्यावर उभं राहून तो एवढा नीट, एवढा जबाबदार माणूस झाला होता, आणि घरातल्या कुणालाही त्याचं मत नको होतं. त्याला राग आला. अण्णांचा आला, काकूंचा आला, आणि या वयात असा राग यावा याचाही आला.

मग लिंक रोडवर, झाडांची सावली काचेवरून सरकत असताना, त्याला आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मात्र त्याला अजिबात आवडली नाही. नकाराचा परिणाम गेला होता. नकार कुठे गेला होता? ती आलेली त्याला नको होती, हे खरंच होतं. खाट हवी होती, खिडकी हवी होती, आई हवी होती सगळीच्या सगळी. काकूंनी सगळं काढून नेलं तरी तेवढं तिथंच होतं, सहा वर्षांच्या मुलाएवढं. आणि शुक्रवारी ताई कायमची म्हणाली तेव्हा, बघतो म्हणायच्या आधी, जिभेवर कुठला शब्द आला होता हे त्याला चांगलं माहीत होतं. अण्णांनी विचारलं ते उगाच होतं. ताईने विचारलंय ते खरं आहे. या वेळी तो जे म्हणेल ते होणार होतं.

'लेफ्टला घ्या ना,' प्रतिभा म्हणाली. 'कुठे चाललात?'

तो वळण चुकला होता.

जेवणाआधीच फोन करून टाकावा म्हणून तो सईच्या खोलीत गेला. पडदे नव्हते, फेब्रुवारीचं ऊन सरळ गादीवर पडलं होतं. नाही कसं म्हणायचं ते त्याने वाटेतच बसवून ठेवलं होतं. नाही असं कुठेच येणार नव्हतं त्यात – इथली थंडी तुला सोसेल का, उन्हाळाही वाईटच, ओळखीपाळखी सगळ्या तिकडे, लिफ्ट असलेलं तिकडेच काही बघू, मी येतो पुढच्या महिन्यात... सभ्य, काळजीचं, कुणालाही बोट ठेवता येऊ नये असं. ताईला ते लगेच कळलं असतं आणि तिनेच त्याची सुटका केली असती. अरे, मी सहज विचारलं होतं, म्हणाली असती. पाहुण्यांना सगळं लवकर कळतं.

'जेवलास?' तिने विचारलं.

'आता बसू. सकाळी मंडळात सिनेमा होता.' आणि त्याने सिनेमाचं नाव सांगितलं, कारण मूळ विषयापर्यंत जायला काहीतरी हवं होतं.

'तो होय? मी बघितला की टीव्हीवर. अर्ध्यात झोपच लागली बघ मला.'

तो हसला. खरोखर हसला. हॉलमधल्या दीडशे माणसांत एकही त्याच्या बाजूचं नव्हतं, आणि मिरजेत एक निघालं.

'ती पोरगी फारच रडते,' ताई म्हणाली. 'एवढं कुणी रडत नाही. मी नाही कधी रडले निघताना. रडायचं ते तू रडायचास.'

'मी?'

'मग कोण? दर जूनला. दारात उभा राहून असं भोकाड पसरायचास की लाइनीतली माणसं बाहेर यायची. आई हसून निरोप द्यायची, अण्णा हसायचे, लीलाकाकू हात हलवायच्या, सगळी कशी शहाण्यासारखी. आणि तू एकटा. टांगा वळेपर्यंत ऐकू यायचं मला.' ती थांबली. तिला धाप लागत होती, की सांगू की नको असं झालं होतं, फोनवरून ते कळेना. 'मिरजेपर्यंत पुरायचं ते. आत्यानं काही म्हटलं, कधी तिचं बिनसलं, तर मी मनात म्हणायची, भोपाळात एकजण आहे रडणारा. अजून म्हणते कधीकधी. चुलतभावाला विचारलं असतं मी, सांगलीत आहे, जवळ आहे. पण म्हटलं, विचारायचं तर परीला.'

परीक्षित गादीच्या कडेवर बसला. त्याला रडणं आठवत नव्हतं. दार आठवलं. दारात आई, डाव्या हातात वाटी, उजव्या हातात चमचा, आणि ताईने पुढे केलेला तळवा – प्रवासाला निघताना हातावर घालतात ते दही, वर चिमूटभर साखर, न विरघळलेली, उन्हात चमकणारी. ताईने ते चाटून घेतलं. मग त्याने आपला तळवा पुढे केला. आई म्हणाली, 'तुला कशाला? तू कुठं चाललायस? जाणाऱ्याला देतात ते.' आणि त्याने भोकाड पसरलं... हे असं होतं. दह्यासाठी. ताईच्या ओठाच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका राहिला होता आणि ती टांग्यातून मागे वळून बघत होती आणि तो त्या ठिपक्याकडे बघून रडत होता. दर जूनला. मिरजेपर्यंत पुरायचं ते!

सांगून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. दुष्टपणाने नाही, एक आकडा चुकीचा चाललाय म्हणून. सांगितलं की ती हसेल, आणि मग विचारायचं तर परीला, यातलं सगळं कारणच निघून जाईल, आणि बाकीचं सोपं होईल.

पण दृश्य तिथं थांबेना. टांगा गेला होता, रस्त्यावर घोड्याच्या नालांचा आवाजही उरला नव्हता, आणि तो अजून रडत होता. आई आत गेली आणि तीच वाटी घेऊन आली, तळाशी उरलेलं दही, वर पुष्कळ साखर, आणि त्याच्यापुढे धरून म्हणाली, घे बाबा, घे, खा आता. वाटी त्याच्या हातात होती. गार होती. पुढे?

खाल्लं असणार. सहा वर्षांचं पोर, साखर घातलेलं दही, न खायला काय झालं. आणि खाल्लं असेल तर तो तोच आहे, ज्याला तो इतकी वर्षं ओळखतो. पण वाटी हातात आल्यावरही रडणं थांबलं नव्हतं, म्हणजे ते नुसतं दह्यासाठी नव्हतं, असं काहीतरी... की ते आता, ताईच्या बोलण्यामुळे, तो स्वतःच घालतोय त्यात? परीक्षितने डोळे मिटले. तीस वर्षं कागदातली चूक शोधणाऱ्या माणसाने आपली सगळी हुशारी पणाला लावून ती वाटी धरून ठेवली आणि आत बघायचा प्रयत्न केला. मी खाल्लं का? बाहेर स्वयंपाकघरात प्रतिभाने नळ बंद केल्याचा आवाज आला, ऐकायला बंद केला असावा, मग सगळीकडे शांत झालं. मी खाल्लेलं नसू दे, तो म्हणत होता, कुणाला ते त्याला माहीत नव्हतं. ताई ज्या मुलाकडे यायला निघाली होती तो मुलगा निदान एकदा, एखाद्या जूनमध्ये तरी, त्या दारात उभा असू दे.

'परी?' ताई म्हणाली. 'ऐकतोयस ना रे?'

तो ऐकत होता. डोळे मिटलेलेच होते आणि वाटीत काय आहे ते अजून दिसत नव्हतं.